हाताने लागतं, आपोआप लागत नाही: लिनक्सवरच्या डोंगल डायल-अपची दुरुस्ती, सीमाभागातल्या टॉवरांसकट

टर्मिनलमध्ये कमांड दिली की इंटरनेट लागतं, पण लाइट जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं की लागत नाही. किंवा रात्रभर चालतं आणि सकाळी दूध संकलनाची आकडेवारी पाठवायच्या वेळी नेमकं बंद पडतं. किंवा याच्या उलट, कुणी मशीनला हात लावलेला नसताना डोंगल स्वतःच डायल करतं आणि दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपवतं. या तिन्ही तक्रारींत मोडेमचा दोष क्वचितच निघतो. दोष निघतो तो ‘आपोआप’ या भागात: कोण डायल करतंय, कधी करतंय, कुठल्या पोर्टवर करतंय आणि कुठल्या टॉवरला. म्हणून एक नियम पाळा. हाताने एकदा व्यवस्थित जोडून दाखवल्याशिवाय स्वयंचलित सेटिंगला हात लावायचा नाही.

इथलं सगळं पीपीपी (फोनसारखी लाइन जोडून तीवरून डेटा पाठवायची पद्धत) वापरणाऱ्या यूएसबी डोंगलला आणि सिरियल जीएसएम मोडेमला लागू आहे. ही उपकरणं अजूनही *९९# हा नंबर ‘फिरवून’ डेटा जोडतात, म्हणून हे डायल-अपच. तुमचं डोंगल लावल्यावर लिनक्समध्ये नवं इथरनेट कार्ड दिसत असेल आणि ब्राउझरमध्ये त्याचं स्वतःचं पान उघडत असेल, तर डायल करायचं काम ते आतल्या आत करतं. त्याला पीपीपीडी (लिनक्सवर पीपीपीची लाइन जोडणारा प्रोग्राम) लागत नाही.

सिमचंही आधीच पाहून घ्या. जिओचं जाळं सुरूच ४जीपासून झालं, त्यात २जी-३जी कधीच नव्हतं. जुन्या ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम कधीच नोंदणी करणार नाही, सेटिंग काहीही करा. एअरटेलने ३जी बंद केलंय, त्यामुळे तेच डोंगल एअरटेलवर २जीवर चालेल. वजनाचे आकडे, पावसाच्या नोंदी, साधी ईमेल यांना ते पुरतं. सोसायटीचं वेब सॉफ्टवेअर त्यावर उघडायला बसलात तर ४जी डोंगल घेणं स्वस्त पडेल.

कमांड आणि फाइलींची नावं खाली देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायची. बहुतेक सगळी लहान लिपीत असतात. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या मोडेमच्या कमांड मोठ्या लिपीत द्या.

आधी हाताने

डोंगल लावा आणि ‘डीमेसेज -डब्ल्यू’ (इंग्रजी डी, एम, ई, एस, जी) चालू ठेवून बघा. ‘टीटीवाययूएसबी०’, ‘टीटीवाययूएसबी१’ अशी नावं आली तर मोडेम दिसला. काही मॉडेल्स ‘टीटीवायएसीएम०’ असं नाव घेतात. यांच्याऐवजी सीडी ड्राइव्ह दिसली, तर डोंगल अजून ड्रायव्हर साठवणाऱ्या सीडीच्या रूपातच आहे. हुआवेच्या कित्येक डोंगलांचा ‘एलएसयूएसबी’मधला क्रमांक या अवस्थेत १२डी१:१४४६ असतो, आणि मोडेम झाल्यावर तो बदलून १००१ किंवा १४३६ होतो. हे रूपांतर ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज करतं. ते इन्स्टॉल नसेल तर पुढचं काहीच होणार नाही. पॅकेज असूनही कधी होतं, कधी नाही, असं असेल तर संशय विजेवर घ्या. त्याबद्दल शेवटी.

मग ‘पिकोकॉम’ किंवा ‘मिनिकॉम’ने पोर्ट उघडा. एका डोंगलची तीन-चार पोर्टं असतात आणि सगळी उत्तर देत नाहीत. ‘एटी’ टाइप करून ‘ओके’ येतं ते पोर्ट आपलं. उत्तर अर्धवट येत असेल किंवा न विचारलेल्या ओळी मध्येच येत असतील, तर मोडेममॅनेजर (मोडेम सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम) त्याच पोर्टवर बसून बोलतोय. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप मोडेममॅनेजर’ करून पुन्हा पाहा (या नावातले दोन्ही ‘एम’ मोठ्या लिपीत). परवानगी नाही असा संदेश आला, तर वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट केल्याशिवाय नवा गट लागू होत नाही. यावर बरेच जण अर्धा तास घालवतात.

पोर्ट सापडल्यावर या क्रमाने विचारा:

एटी+सीपीआयएन?
एटी+सीएसक्यू
एटी+सीजीआरईजी?

पहिल्याचं उत्तर ‘रेडी’ यायला हवं. ‘सिम पिन’ आलं तर सिमला कुलुपाचा पिन लावलेला आहे. सिम साध्या फोनमध्ये घालून तो पिन काढून टाका. स्वयंचलित स्क्रिप्टमध्ये पिन लिहू नका. चुकीचा पिन तीनदा गेला की सिम पीयूके मागतं, आणि दर तीस सेकंदांनी प्रयत्न करणारी स्क्रिप्ट हे दीड मिनिटात घडवून आणते.

दुसऱ्याचं उत्तर सिग्नल सांगतं. ० ते ३१ हा पट्टा, ९९ म्हणजे मोजताच आला नाही. आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम मिळतं. म्हणजे १० आला तर उणे ९३. दहाच्या खाली असेल तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका, डोंगलची जागा बदला.

तिसऱ्या उत्तरातला दुसरा आकडा महत्त्वाचा. १ म्हणजे घरच्या जाळ्यात नोंदणी, ५ म्हणजे रोमिंगमध्ये नोंदणी, २ म्हणजे अजून शोधतोय, ३ म्हणजे जाळ्याने नकार दिला. सीमाभागात खरी गोष्ट इथून सुरू होते.

टॉवर कुठल्या राज्याचा?

टेलिफोनच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल. महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं (मुंबई वेगळी). कोगनोळीत बसलेल्या डोंगलला कागलकडचा टॉवर ऐकू येतो, उचगावात शिनोळीकडचा, आणि कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात गोव्याकडचा. त्यात निपाणीत कितीतरी लोक कोल्हापूरचं सिम वापरतात. माणूस फोन वापरतो तेव्हा त्याला याचं काही पडलेलं नसतं. पण लिनक्सवर नेटवर्कमॅनेजरच्या (सगळी नेट कनेक्शनं सांभाळणारा प्रोग्राम) कनेक्शनमध्ये ‘फक्त घरच्या जाळ्यात’ ही खूण असेल, तर ५ आल्याबरोबर तो जोडायचं नाकारतो, आणि पडद्यावर कारण धड सांगत नाही. दुपारी चालतं, संध्याकाळी चालत नाही, अशी तक्रार सीमेवरच्या गावातून आली की आधी हीच खूण बघा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय डोंगल जीएसएम.होम-ओन्ली नो

कनेक्शन कुठल्या टॉवरवर आहे हे बघायला मोडेममॅनेजर चालू असेल तर ‘एमएमसीएलआय -एम ०’ द्या. त्यात ‘रजिस्ट्रेशन’समोर होम की रोमिंग ते असतं आणि ‘ऑपरेटर आयडी’समोर पाच आकडे असतात (काही कंपन्यांचे सहा). हाताने पाहायचं तर ‘एटी+सीओपीएस=३,२’ देऊन मग ‘एटी+सीओपीएस?’ विचारा, नावाऐवजी तेच आकडे येतील. एअरटेल कर्नाटक ४०४४५, एअरटेल महाराष्ट्र ४०४९०. बीएसएनएल कर्नाटक ४०४७१, महाराष्ट्र ४०४६६. व्होडाफोनचे कर्नाटकात ४०४८६ आणि महाराष्ट्रात ४०४२७. मात्र २०१८च्या विलीनीकरणामुळे व्हीआयच्या सिमवर आयडियाचे जुने आकडेही दिसू शकतात.

डोंगल दोन टॉवरांच्या मध्ये सापडलं की लॉगमध्ये ‘मोडेम हँगअप’ पुन्हा पुन्हा दिसतो. दोन्हीकडचा सिग्नल सारखाच असतो, डोंगल इकडून तिकडे जातं, आणि प्रत्येक वेळी पीपीपी तुटतं. अशा जागी जाळं बांधून टाकलेलं बरं:

एटी+सीओपीएस=४,२,"४०४४५"

पहिला आकडा ४ म्हणजे ‘हेच जाळं घे, नाही मिळालं तर स्वतः शोध’. १ घातला तर ‘हेच घे, नाहीतर काहीच नको’. १ वापरू नका. हेस्कॉमची (इकडची वीज कंपनी) लाइट बराच वेळ आली नाही आणि टॉवरची बॅटरी उतरली की पलीकडच्या राज्याचा टॉवर तुमचं काम चालवू शकतो, आणि तुम्ही स्वतःच तो दरवाजा बंद केलेला असतो. हा बदल डोंगलच्या स्मृतीत राहील याची खात्री नसते. म्हणून तो दर वेळी डायल करण्याआधी चॅट स्क्रिप्टमधून (मोडेमला ओळीने कमांड देणारी फाइल) द्या. उत्तराला वेळ लागतो, त्या ओळीआधी ‘टाइमआउट ६०’ लिहा. उपलब्ध जाळ्यांची यादी मागणारी ‘एटी+सीओपीएस=?’ ही कमांड मात्र स्क्रिप्टमध्ये घालू नका. ती दोन-तीन मिनिटं खाते.

पीपीपीडी काय म्हणतोय ते वाचा

नोंदणी १ किंवा ५ असेल तर आता डायल करा. सेटिंगची फाइल /ईटीसी/पीपीपी/पीअर्स/डोंगल अशी असेल, तर:

पीपीपीडी कॉल डोंगल नोडिटॅच डीबग

‘नोडिटॅच’मुळे प्रोग्राम पडद्यावरच राहतो आणि ‘डीबग’मुळे दोन्ही बाजूंचं बोलणं दिसतं. थांबवायला कंट्रोल-सी. तो स्वतःच थांबला तर लगेच ‘एको $?’ देऊन बाहेर पडतानाचा आकडा घ्या. हा आकडा अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

२ आला तर ऑप्शनच्या फाइलीत चूक आहे, बहुधा एखादं अक्षर. ७ म्हणजे पोर्टला कुलूप लावता आलं नाही, दुसरा पीपीपीडी आधीच चालू आहे. ८ म्हणजे चॅट स्क्रिप्ट अपयशी ठरली, मोडेमपर्यंतच गडबड. १० म्हणजे लिंक झाली पण आयपी ठरला नाही, एपीएन (कंपनीच्या डेटा जाळ्यात शिरायचं नाव) बघा. १५ म्हणजे समोरून एकोला (‘आहेस का?’ या हाकेला) उत्तर नाही. १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला. १९ म्हणजे आपलं नाव-पासवर्ड समोरच्याने मानलं नाही. भारतातल्या मोबाइल डेटाला सहसा पासवर्ड लागत नाही. तरी १९ येत असेल तर जुन्या कनेक्शनची ‘यूजर’ ओळ फाइलीत राहून गेली आहे का ते पाहा.

८ आला तर पुढचा प्रश्न ‘जर्नलसीटीएल -टी चॅट’ला विचारा. स्क्रिप्टमध्ये ‘अबॉर्ट’च्या ओळी लिहिलेल्या असल्या तर कुठल्या शब्दावर ती थांबली ते कळतं. किमान ‘नो कॅरिअर’, ‘बिझी’, ‘नो डायलटोन’ आणि ‘एरर’ या चार अबॉर्टच्या ओळी हव्यातच. त्या नसतील तर मोडेमने ‘एरर’ म्हटल्यावरही स्क्रिप्ट ‘कनेक्ट’ची वाट पाहत बसते, आणि लॉगमध्ये नुसतं ‘टाइमआउट’ दिसतं.

एपीएनची ओळ अशी:

एटी+सीजीडीकॉन्ट=१,"आयपी","बीएसएनएलनेट"

इथे ‘सीजीडीकॉन्ट’ म्हणजे इंग्रजी सी, जी, डी, सी, ओ, एन, टी. बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस.कॉम’, व्हीआयसाठी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’. सिम बदललं आणि एपीएन जुनाच राहिला, तर काही वेळा जोडलं जातं आणि तरी एकही पान उघडत नाही, त्यामुळे सिमबरोबर ही ओळही बदलायची सवय ठेवा. यानंतर ‘एटीडी*९९***१#’ डायल करा. शेवटचा १ म्हणजे वरच्या ओळीतला तोच १.

लॉगमध्ये एक ओळ हमखास घाबरवते: दूरचा आयपी कळला नाही, म्हणून १०.६४.६४.६४ धरला. हा दोष नाही. डोंगल आपला पलीकडचा पत्ता सांगत नाही, म्हणून पीपीपीडी मनाने एक लावतो. खरा दोष दिसतो तो डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर) जागी १०.११.१२.१३ आणि १०.११.१२.१४ आल्यावर. डोंगलला जाळ्याकडून डीएनएस अजून मिळालेलं नसतं, आणि ते थाप मारून हे दोन पत्ते देतं. मग ‘पिंग ८.८.८.८’ चालतं आणि नाव घातलेली कुठलीच साइट उघडत नाही. उपाय म्हणजे फाइलीत ‘आयपीसीपी-मॅक्स-फेल्युअर ३०’ लिहायचं, म्हणजे पीपीपीडी खऱ्या पत्त्यासाठी अधिक वेळा विचारतो. किंवा ‘यूजपीअरडीएनएस’ ही ओळ काढून रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये ८.८.८.८ कायमचं घालायचं. दुसरा मार्ग सरळ आहे आणि पुढेही उपयोगी पडतो.

मशीन सुरू झालं, कनेक्शन नाही

हाताने जोडलं जातंय, बूट झाल्यावर नाही. याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण घाई. मशीन वीस सेकंदांत तयार होतं, डोंगलला सीडीतून मोडेम व्हायला आणि टॉवर शोधायला त्याहून जास्त वेळ लागतो. पीपीपीडी ओळीने दहादा अपयशी ठरला की कायमचा थांबतो, त्याचा तसा ठराव आहे. फाइलीत या तीन ओळी असू द्या:

पर्सिस्ट
मॅक्सफेल ०
होल्डऑफ ३०

शून्य म्हणजे कधीच हार मानू नको. होल्डऑफ ३० म्हणजे दोन प्रयत्नांत तीस सेकंद. तो पाचवर आणू नका, काही डोंगलं सततच्या डायलने गप्प होतात आणि उपटून लावेपर्यंत बोलत नाहीत.

पीपीपीडी सिस्टमडीच्या (मशीन सुरू होताना प्रोग्राम उठवणारा लिनक्सचा भाग) सर्व्हिसमधून चालवत असाल तर दुसरी अडचण येते. सिस्टमडी पडलेली सर्व्हिस १०० मिलिसेकंदांत पुन्हा उठवतो, आणि दहा सेकंदांत पाचदा पडली की नाद सोडतो. डोंगल हजर नसेल तर हे पाच प्रयत्न डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. सर्व्हिसच्या फाइलीत हे लिहा:

एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/एसबिन/पीपीपीडी कॉल डोंगल नोडिटॅच
रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=३०

तिसरं कारण पोर्टचं नाव. काल ‘टीटीवाययूएसबी०’ होतं, आज तेच पोर्ट ‘टीटीवाययूएसबी३’ झालं, कारण तुटल्यावर जुनं नाव कुणीतरी धरून ठेवलं होतं किंवा दुसरं यूएसबी-सिरियल यंत्र आधी उठलं. दूध संकलन केंद्रात हे नेहमीचंच. वजनकाटा आणि फॅट मशीनही यूएसबी-सिरियलनेच जोडलेली असतात, आणि मग पीपीपीडी वजनकाट्याला *९९# डायल करत बसतो. /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी या फोल्डरात प्रत्येक यंत्राचं न बदलणारं नाव असतं, तेच पूर्ण फाइलीत घाला.

नेटवर्कमॅनेजर वापरणाऱ्यांसाठी चौथं. लॉगिन केल्यावरच नेट लागतं, त्याआधी नाही, अशी तक्रार असेल तर कनेक्शन एका वापरकर्त्याच्या नावावर आहे किंवा त्याचा पासवर्ड त्याच्या कीरिंगमध्ये (लॉगिननंतरच उघडणारा पासवर्डचा साठा) आहे. सेटिंगमध्ये ‘सर्व वापरकर्त्यांना उपलब्ध’ ही खूण करा. सोबत ‘कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रीट्राइज ०’ द्या. नाहीतर चार प्रयत्नांनंतर तो काही काळ थांबून राहतो.

एक गोष्ट पक्की ठरवा: नेटवर्कमॅनेजर किंवा थेट पीपीपीडी, दोन्ही एकत्र नाही. ऑफिसच्या डेस्कटॉपला पहिला बरा. कुणी पडद्यासमोर बसत नाही अशा डब्याला, म्हणजे हवामान केंद्र, पाण्याच्या टाकीची पातळी पाठवणारं यंत्र अशांना, थेट पीपीपीडी बरा. मग मोडेममॅनेजर ‘डिसेबल’ करा. दुसऱ्या मोडेमसाठी तो हवाच असेल, तर या डोंगलपुरता यूडेव्हच्या (जोडलेली यंत्रं ओळखणारा लिनक्सचा भाग) नियमात ‘आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर’ला १ द्या.

गरज पडल्यावर डायल

‘डिमांड’ ही सोय टेलिफोन लाइनच्या काळातली. तेव्हा प्रत्येक मिनिटाचे पैसे पडायचे, म्हणून पॅकेट आलं की डायल, काम झालं की बंद. डोंगलवर वेळेचे पैसे पडत नाहीत. त्यामुळे सोलर बॅटरीवरच्या यंत्राशिवाय डिमांड लावू नका, पर्सिस्ट पुरे. लावायचंच असेल तर पुढचे खड्डे माहीत हवेत.

डायलच होत नाही? रिझॉल्व्ह.कॉन्फ रिकामी आहे का बघा. डिमांडमध्ये डीएनएसचा पत्ता जोडल्यावर मिळतो, आणि पत्ता नसल्यामुळे ब्राउझरचा प्रश्न मशीनच्या बाहेरच पडत नाही. मग डायल कशासाठी होणार? वर सांगितलेला कायमचा ८.८.८.८ इथे कामी येतो. दुसरं, ‘आयपी रूट’ देऊन बघा. डीफॉल्ट रूट इथरनेट कार्डाकडे असेल, तर पॅकेट पीपीपी०कडे (डोंगलच्या लाइनचं लिनक्समधलं नाव) जातच नाही. लॉगमध्ये आधीचा डीफॉल्ट रूट बदलत नाही अशी ओळ असते. बंद राउटरची केबल तशीच लावून ठेवली की हे होतं. केबल काढा, किंवा ‘रिप्लेसडीफॉल्टरूट’ लिहा.

डायल होतं, पण पहिलं पान कधीच उघडत नाही, दुसऱ्यांदा उघडतं? जोडण्याआधी पीपीपी०वर खोटा पत्ता असतो. पहिलं पॅकेट त्या पत्त्याने निघतं, मग खरा आयपी येतो आणि पहिल्याचं उत्तर हरवतं. फाइलीत ‘केट्यून’ लिहा. त्याने कर्नलमधली ‘आयपी_डायनअ‍ॅडर’ ही सोय चालू होते आणि सुरू होत असलेलं कनेक्शन नव्या पत्त्यावर सरकतं.

सारखं डायल होतंय? कोण करतंय ते अंदाजाने ठरवू नका, ‘टीसीपीडंप -एन -आय पीपीपी०’ लावून दहा मिनिटं बघा. यूडीपी १२३ म्हणजे घड्याळ जुळवणारा प्रोग्राम. सिस्टमडीचा टाइमसिंक सुरुवातीला ३२ सेकंदांनी विचारतो आणि हळूहळू ३४ मिनिटांपर्यंत अंतर वाढवतो. ५३ म्हणजे कुठलातरी प्रोग्राम नाव शोधतोय. बहुतेकदा ‘एपीटी-डेली’ हा अपडेटचा टायमर, स्नॅप किंवा नेटवर्कमॅनेजरची इंटरनेट आहे का ही चाचणी. टायमर बंद करा आणि अपडेट महिन्यातून एकदा बेळगावात चांगल्या लाइनवर नेऊन करा. घड्याळाला मात्र बंद करू नका, त्याला गाळा:

अ‍ॅक्टिव्ह-फिल्टर 'आउटबाउंड अँड नॉट यूडीपी पोर्ट १२३'

याने घड्याळाच्या पॅकेटमुळे डायल होत नाही आणि लाइन उघडीही राहत नाही, पण लाइन उघडी असेल तेव्हा वेळ जुळते. रास्पबेरी पायसारख्या यंत्रात घड्याळाची बॅटरी नसेल तर हे फार गरजेचं. तारीख मागे पडली की ब्राउझर एचटीटीपीएसच्या साइट सर्टिफिकेट अवैध म्हणून नाकारतो, आणि दोष नेटवर जातो.

‘आयडल ३००’ म्हणजे पाच मिनिटं काम नसेल तर तोड. ही ओळ डिमांडसोबतच ठेवा. पर्सिस्ट आहे, डिमांड नाही आणि आयडल आहे, असं मिश्रण झालं की दर पाच मिनिटांनी तुटून पुन्हा जोडलं जातं.

जोडलेलं दिसतं, पण मेलेलं

पीपीपी० उभा आहे, आयपी आहे, आणि पॅकेट एकही जात नाही. पुस्तकी उपाय एलसीपी-एकोचा: दर ३० सेकंदांनी समोरच्याला हाक मारायची, चारदा उत्तर नाही आलं की तोडायचं. पण डोंगलमध्ये पीपीपीचं दुसरं टोक टॉवरवर नसतं, डोंगलच्या आतच असतं. जाळं मेलेलं असलं तरी डोंगल ‘हो, आहे’ म्हणतं. काही डोंगलं तर एकोला उत्तरच देत नाहीत, आणि चांगली चालणारी लाइन दर दोन मिनिटांनी तुटते. घड्याळ लावून बघा. तुटण्याचं अंतर इंटरव्हल (किती सेकंदांनी हाक) आणि फेल्युअर (किती हाका वाया गेल्यावर तोडायचं) यांच्या गुणाकाराएवढं येत असेल, तर ‘एलसीपी-एको-फेल्युअर ०’ करा, म्हणजे एकोला उत्तर नाही म्हणून लाइन तुटणार नाही.

त्याऐवजी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी स्क्रिप्ट चालवा. ‘पिंग -सी ३ -आय पीपीपी० ८.८.८.८’, तो फसला तर १.१.१.१ला तेच, दोन्ही फसले तरच ‘किलऑल -हप पीपीपीडी’ (यातलं ‘आय’ आणि ‘हप’ मोठ्या लिपीत). हप मिळाल्यावर पीपीपीडी लिंक तोडतो आणि पर्सिस्ट असल्यामुळे पुन्हा जोडतो. तीनदा हप देऊनही पिंग नाही आलं, तर ‘एटी+सीएफयूएन=१,१’ने मोडेमच रीसेट करा. पोर्ट नाहीसं होऊन परत येतं, बाय-आयडीचं नाव लावलेलं नसेल तर इथे सगळं अडकतं. डिमांड वापरणाऱ्यांनी ही पिंग स्क्रिप्ट लावू नये. पिंगमुळेच डायल होत राहील.

सगळं बरोबर असूनही डेटा हलत नसेल, तर सिम काढून फोनमध्ये घाला आणि रिचार्ज बघा. हास्यास्पद वाटेल, पण एसटीने जांबोटी गाठण्याआधी हे फोनवरून विचारून घ्या.

वीज, भिंत, पत्रा

यूएसबी २.०चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. २जीवर टॉवर लांब असेल तेव्हा जीएसएम मोडेम क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढू शकतो. डोंगलमधला कपॅसिटर थोडं सांभाळतो, पण स्वस्त चार्जरवरचा रास्पबेरी पाय किंवा लांब बारीक केबल असेल तर व्होल्टेज पडतं. ‘डीमेसेज’मध्ये डायल करतानाच ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ किंवा ‘अंडर-व्होल्टेज’ दिसलं की स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब आणा. लाइट परत आल्यावर पहिली काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होतं तिथे हब यूपीएसवर घ्या, भिंतीच्या प्लगवर नको.

खानापूरकडच्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि वरचा पत्रा सिग्नल चांगलाच अडवतात. कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये डोंगल खोचलं की ते भिंत आणि लोखंडी डब्याच्या मध्ये अडकतं. यूएसबीची एक्स्टेन्शन केबल घेऊन खिडकीत आणा, पण एकूण लांबी पाच मीटरच्या आत ठेवा. त्यापुढे यूएसबी २.०ची साधी केबल चालत नाही. हलवताना सीएसक्यू विचारत राहा. चार-पाच अंकांनी फरक पडला तर पुष्कळ झालं. बाहेरचा अँटेना लावायचा तर डोंगलचं छिद्र आधी बघा: हुआवेला बहुधा सीआरसी९, झेडटीईला टीएस९ लागतं. दोन्ही दिसायला जवळपास सारखी, पण जबरदस्तीने बसवलं तर आतली पिन वाकते. पत्र्याच्या वर उभारलेला अँटेना जूनच्या गडगडाटात काढून ठेवा.

शेवटचा एक दोष शाळेच्या लॅबमध्ये भेटतो. डोंगल लावलेल्या मशीनवर सगळं उघडतं, त्यातून नेट घेणाऱ्या बाकी मशीनवर काही साइट अर्ध्यावर लटकतात. पॅकेटचा आकार वाटेतल्या जाळ्याला मोठा पडतोय. पीअर्सच्या फाइलीत ‘एमटीयू १४००’ लिहा, आणि नेट वाटणाऱ्या मशीनच्या आयपीटेबल्समध्ये ‘मँगल’ टेबलच्या ‘फॉरवर्ड’ साखळीत टीसीपीच्या सिन (कनेक्शन सुरू करणाऱ्या) पॅकेटांना ‘क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू’ लावा. हा नियम रीबूटनंतर उडतो. तो ‘आयपीटेबल्स-पर्सिस्टंट’ने जपून ठेवा, किंवा /ईटीसी/पीपीपी/आयपी-अप.डी या फोल्डरातल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये घाला, म्हणजे लिंक उभी राहिली की तो आपोआप लागेल. स्क्रिप्टला चालवायची परवानगी द्या आणि तिच्या नावात टिंब ठेवू नका. डेबियन आणि उबुंटूमध्ये टिंब असलेली फाइल या फोल्डरातून चालवलीच जात नाही, आणि लॉगमध्ये त्याची एकही ओळ उमटत नाही.